दाताचं इम्प्लांट करायचंय? पहिल्या तपासणीपासून कॅप बसेपर्यंत काय काय होतं ते सगळं

माझी खालची डावीकडची मोठी दाढ २०१९ साली काढली. रूट कॅनल झालं होतं पण वर कॅप बसवायची राहून गेली, आणि संक्रांतीच्या दिवसांत चिक्की खाताना ती दाढ उभी चिरली. काढतानाच डॉक्टर म्हणाले होते की दोन-तीन महिन्यांत या जागेचं काहीतरी करून घ्या. मी हो म्हटलं आणि तीन वर्षं उजव्या बाजूने चावत राहिले. शेवटी २०२२ च्या दिवाळीनंतर इम्प्लांट करायचं ठरवलं, कॅप बसली ती पुढच्या वर्षी जुलैमधे. या आठ महिन्यांत ज्या ज्या ठिकाणी मी गोंधळले, घाबरले किंवा उगाच जास्त पैसे भरता भरता वाचले ते सगळं क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही, नाशिकमधली एक पेशंट आहे, तेव्हा औषधं आणि डोसच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचंच ऐकायचं.

आधी तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या, नाहीतर पुढे खर्चाच्या वेळी फसाल. एक, हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू, खरं इम्प्लांट म्हणजे एवढंच. दोन, त्या स्क्रूवर बसणारा छोटा खांब, त्याला अबटमेंट म्हणतात. तीन, वर दिसणारा दात म्हणजे कॅप. स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाला १९५० च्या दशकात सशांच्या हाडावर प्रयोग करताना लक्षात आलं की टायटॅनियम हाडाला असं घट्ट धरून बसतं की सुटता सुटत नाही, आणि १९६५ मधे त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आजही सगळा खेळ त्यावरच आहे. हाडाने स्क्रूला धरायला वेळ लागतो, म्हणूनच हे काम महिन्यांचं आहे.

१. दाढ काढली असेल तर वेळ घालवू नका

दात गेला की त्याखालचं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षभरात हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. शिवाय शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, वरची दाढ खाली उतरायला लागते. माझं तेच झालं, स्क्रू बसवायला हाडाची रुंदी कमी पडली म्हणून बाजूने हाडाची पूड भरावी लागली, म्हणजे खर्चही वाढला आणि दोन महिने जादा गेले. तुमची दाढ काढायची असेल तर काढायच्या आधीच इम्प्लांटबद्दल विचारा. कधी कधी त्याच दिवशी स्क्रू बसवता येतो, कधी काढलेल्या खड्ड्यात पूड भरून हाड राखून ठेवतात.

ब्रिजचं पण विचारून घ्या, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधे बसवलेला नकली दात. ब्रिज दोन-तीन आठवड्यांत होतो, स्वस्त पडतो, पण आजूबाजूचे दोन दात घासावे लागतात. ते दात चांगले असतील तर मला तरी ते जिवावर आलं. त्या दातांना आधीच कॅप लागणार असेल तर मात्र ब्रिज हा वाईट पर्याय नाही.

२. पहिल्या भेटीला काय काय न्यायचं

- त्या जागेचे जुने एक्स-रे, असतील तर
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक धरून. यादी नसेल तर सरळ गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या
- शुगर असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट, म्हणजे एचबीए१सी. तो सातच्या आसपास असेल तर बहुतेक डॉक्टर पुढे जातात, फार वर असेल तर आधी शुगर आटोक्यात आणा म्हणतात
- हृदयाचं काही असेल, स्टेंट असेल तर तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी
- पेनिसिलीन किंवा दुसऱ्या औषधाची अॅलर्जी असेल तर ती कागदावर लिहून

रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका. बरेच जण "दाताचं काम आहे, रक्त येईल" म्हणून चार दिवस आधी गोळी सोडतात, ते धोक्याचं आहे. त्या गोळीचं काय करायचं ते दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलून ठरवू द्या.

आणि एक गोष्ट जी लोक सांगायची विसरतात. माझ्या सासूबाई माझ्यासोबत आल्या होत्या, म्हणाल्या माझ्याही दोन दाढा बघा. डॉक्टरांनी विचारलं, आजी, हाडं ठिसूळ झाल्याचं काही औषध चालू आहे का, तर त्या सरळ नाही म्हणाल्या. मला आठवलं की वर्षातून एकदा त्यांना सलाईनमधून इंजेक्शन देतात. मी म्हटलं, अहो आई, ते इंजेक्शन त्यासाठीच असतं ना. त्यांच्या मते ते "ताकदीचं" होतं. ते औषध चालू असताना जबड्यात काम केलं तर क्वचित हाड भरून येत नाही, उघडं पडतं आणि मग फार त्रास होतो. डॉक्टरांनी त्यांचं काम तिथेच थांबवलं आणि आधी हाडांच्या डॉक्टरांशी बोलून या म्हणून सांगितलं. आठवड्याची गोळी असो की वर्षाचं इंजेक्शन, सांगायचंच.

तंबाखूचंही तसंच. सिगारेट, गुटखा, मावा हे लोक कबूल तरी करतात, पण मिश्री लावणाऱ्या बायका "तंबाखू खाता का" विचारलं की नाही म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, ती रोज हिरडीवर चोळली जाते आणि इम्प्लांट त्याच हिरडीतून वर यायचं असतं. गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर तेही आधीच दाखवा, मागच्या दाढेपर्यंत मशीन पोचायला तोंड नीट उघडावं लागतं.

३. स्कॅन

साध्या एक्स-रेवर उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा थ्रीडी स्कॅन करतात, उभं राहून किंवा बसून, मिनिटाभरात होतो. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक नस जाते, तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी लांब राहावं लागतं, नाहीतर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते. वरच्या दाढांना दुसरी अडचण असते, तिथे वर सायनसची पोकळी असते आणि हाड कमी असेल तर सायनस लिफ्ट करावं लागतं, म्हणजे पोकळीचा तळ थोडा वर उचलून तिथे हाडाची पूड भरतात. तुमच्या डॉक्टरांना स्क्रीनवर नस दाखवायला सांगा. मला दाखवली तेव्हा माझी निम्मी भीती गेली. खालच्या दाढेसाठी कोणी नुसत्या छोट्या एक्स-रेवर स्क्रू बसवायला निघालं तर मी तरी दुसरीकडे विचारेन. स्कॅनची सीडी किंवा फाइल तुमच्याकडे घ्या, पैसे तुम्ही भरलेत.

४. खर्च, इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो

पहिल्या ठिकाणी मला फोनवर २२ हजार सांगितले. मी खूश. तिथे गेल्यावर कळलं की ते फक्त स्क्रूचे. अबटमेंट वेगळं, कॅप वेगळी, स्कॅन वेगळा, हाडाची पूड वेगळी, आणि प्रत्येक गोष्ट मी विचारल्यावरच सांगत होते, जोडत जोडत आकडा ५८ हजारांवर गेला. दुसऱ्या डॉक्टरांनी सगळं धरून ५४ हजार एका कागदावर लिहून दिले. फरक चार हजारांचाच, पण दुसऱ्या ठिकाणी मला पहिल्या दिवशी माहीत होतं की किती पैसे काढून ठेवायचेत. शहराप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून माझ्या आकड्याला धरून बसू नका, पण हे प्रश्न मात्र जसेच्या तसे विचारा:

- या रकमेत स्क्रू, अबटमेंट, कॅप तिन्ही आहे का?
- पूड लागली तर किती वाढतील?
- कॅपच्या आधी हिरडी पुन्हा उघडायचे पैसे वेगळे घेणार का?
- स्क्रू कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल?
- कॅप कशाची, झिरकोनियाची की धातूवर सिरॅमिकची?
- स्क्रू हाडात धरलाच नाही तर दुसऱ्यांदा बसवायचे पैसे घेणार का?
- वॉरंटी म्हणताय ती नुसत्या स्क्रूची की तुमच्या कामाचीही?

कंपन्यांमधे स्वित्झर्लंडची स्ट्रॉमन महागातली, नोबेल बायोकेअरही तशीच, ऑस्टेम आणि डेंटियम या कोरियन कंपन्या आपल्याकडे मधल्या भावात भरपूर वापरल्या जातात, इस्रायलच्या अल्फा-बायो, अदिन याही आहेत. सगळ्यात महाग तेच घ्या असं माझं म्हणणं नाही. ज्या कंपनीचे पार्ट दहा वर्षांनी सहज मिळतील अशी घ्या. प्रत्येक स्क्रूच्या डबीवर एक स्टिकर असतो, त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो. तो स्टिकर तुमच्या फाइलमधे लावून मागा आणि मोबाइलमधे फोटो काढून ठेवा. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. प्रत्येक कंपनीची किल्ली वेगळी असते, आणि तुमच्या तोंडात काय बसवलंय ते माहीत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला साधा ढिला स्क्रू आवळणंही अवघड जातं.

मेडिक्लेममधे साधारणपणे दाताचं काम बसत नाही, अपघाताने दात गेला असेल तर गोष्ट वेगळी, पॉलिसी वाचून बघा. पैशांची खरंच ओढाताण असेल तर डेंटल कॉलेजमधे चौकशी करा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी आहेत, खासगी कॉलेजंही बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. तिथे एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरचं पुढचं शिक्षण, करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च कमी येतो पण चकरा जास्त होतात आणि एकेका भेटीला अर्धा दिवस जातो.

परदेशातून सुट्टीत येऊन करून जाणाऱ्यांना एक सांगते, माझी मावसबहीण अशीच तीन आठवड्यांसाठी आली होती. तीन आठवड्यांत स्क्रू आणि टाके होतात, कॅप नाही. चार-पाच महिन्यांच्या अंतराने दोन चकरा धरूनच तिकीट काढा. "एका दिवसात पक्के दात" अशा जाहिराती दिसतात, काही केसमधे लगेच दात लावता येतो हे खरं, पण तो बहुतेक वेळा तात्पुरता असतो आणि हाड भक्कम असेल तरच. ते स्कॅन बघून ठरतं.

५. ऑपरेशनचा दिवस

नीट जेवून जा. फक्त जागेवर भूल देतात, उपाशी राहायची गरज नसते, शुगरवाल्यांनी तर उपाशी अजिबात जाऊ नये. सोबत कोणीतरी असू द्या.

सगळ्यात जास्त दुखतं ते भुलीचं इंजेक्शन. त्यात अॅड्रिनॅलिन असतं म्हणून काही मिनिटं छाती धडधडते, मला वाटलं बीपी वाढलं, पण ते आपोआप थांबलं. मग ओठ जड होतो, दहा मिनिटांनी टोचून बघतात. त्यानंतर दुखलं नाही, पण जाणवत राहतं सगळं. ड्रिल हळू फिरतं, किडलेला दात कोरताना जे किर्र वाजतं तसलं नाही, खाली घरघर अशी कंप पावणारी, कानापर्यंत जाणारी. सोबत थंड सलाईनचं पाणी सतत सोडत असतात कारण हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी त्याच्या पेशी मरतात. तोंडात पाणी साचतं, घाबरू नका, नळीने ओढून घेतात. नाकाने श्वास घेत राहायचं.

मग स्क्रू. तो त्यांनी शेवटी हाताच्या पान्याने आवळला, टिक टिक टिक असा आवाज, आणि प्रत्येक टिकीला जबडा किंचित खाली दाबला जातो. डॉक्टर असिस्टंटला म्हणाले, "पस्तीस आला." नंतर विचारलं तर म्हणाले की तेवढा जोर लावूनही स्क्रू फिरला नाही म्हणजे पकड चांगली आहे. मग बाजूला पूड भरली, वर पातळ पडदा ठेवला आणि हिरडी शिवून टाकली. सगळं मिळून तासाभराचं काम.

पूड कशाची आहे ते आधी विचारा. बरीच पूड गाय-बैलांच्या हाडापासून प्रक्रिया करून बनवतात, काही मानवी हाडापासून, काही पूर्ण कृत्रिम असते. ज्यांना धर्माने किंवा शाकाहारामुळे चालत नाही त्यांनी खुर्चीत बसायच्या आधी सांगायचं, कृत्रिम मिळते. काही डॉक्टर तुमच्याच हातातून थोडं रक्त काढून मशीनमधे फिरवतात आणि त्याची जेलीसारखी पट्टी जखमेवर ठेवतात, तेही विचारून ठेवा म्हणजे ऐनवेळी सुई बघून दचकणार नाही.

६. पहिले दहा दिवस

घरी येताना बर्फाचा शेक सुरू करा, दहा मिनिटं शेक, दहा मिनिटं आराम, पहिला दिवसभर. भूल उतरायच्या आत दुखायची गोळी घ्या, कळ सुरू झाल्यावर गोळी शोधत बसू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. माझ्या गालावर पिवळसर-निळा डाग आला होता तो आठवड्यात गेला.

पहिल्या दिवशी चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. गार किंवा कोमट खायचं: ताकभात, मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी, शिरा, केळं. भाकरी, चिवडा, शेंगदाणे बंद. तीळ, खसखस, नाचणीच्या पापडाचा चुरा असलं बारीक तर टाके निघेपर्यंत नकोच, टाक्यात अडकलं की निघत नाही. माझ्या वेळी घरात तिळाची चटणी होती आणि मी विसरून खाल्ली, दोन दिवस एक तीळ छळत होता.

दुसऱ्या दिवसापासून लाल-गुलाबी माउथवॉश देतात, क्लोरहेक्झिडिनचं. ते ब्रश केल्यावर लगेच वापरायचं नाही, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमुळे त्याचा परिणाम कमी होतो. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा पिणाऱ्यांना जास्त, ते साफसफाईत निघतात. टाके सात ते दहा दिवसांत काढतात.

लगेच फोन करायचा तो कधी: दाबूनही रक्त थांबत नसेल, चौथ्या दिवसानंतर दुखणं किंवा सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, ताप, पू, किंवा भूल उतरायची वेळ कधीच होऊन गेली तरी ओठ-हनुवटी बधिर असेल. या शेवटच्या गोष्टीसाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

७. वाट बघायचे महिने

खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने, वरच्या जबड्यात हाड मऊ असतं म्हणून चार ते सहा, पूड भरली असेल तर अजून थोडे. माझे पाच गेले. या काळात काहीच होत नाही असं वाटतं, दुखत नाही, दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक पुन्हा तंबाखू सुरू करतात किंवा त्या बाजूने सुपारी फोडतात. शंभरातले नव्वदाहून जास्त इम्प्लांट दहा वर्षांनंतरही तोंडात टिकून असतात, पण जे सुरुवातीलाच सुटतात त्यातले बरेचसे याच काळात सुटतात.

८. हिरडी उघडणं, माप आणि कॅप

हिरडी शिवून टाकली असेल तर भूल देऊन छोटी चीर घेतात आणि एक धातूचं बटण बसवतात, त्याभोवती हिरडीला आकार येतो. पंधरा मिनिटांचं काम. दोन-तीन आठवड्यांनी माप घेतात, कॅमेऱ्याने स्कॅन करून किंवा ट्रेमधे रबरासारखा मसाला घालून. रंग ठरवताना खिडकीजवळच्या उजेडात बघा, लिपस्टिक लावून जाऊ नका.

कॅप दोन प्रकारे बसते, सिमेंटने चिकटवून किंवा वरून एका छोट्या स्क्रूने. जमत असेल तर स्क्रूवाली मागा, पुढेमागे काही झालं तर न तोडता काढता येते, आणि सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर तिथे जंतू धरून हाड खराब होतं. बसवल्यावर एक्स-रे काढून फट राहिली नाही ना बघतात. मग स्क्रूच्या भोकात नळाला गुंडाळतात तसली पांढरी टेप दाबून भरली आणि वर दाताच्या रंगाचं फिलिंग. चावून बघताना कॅप आधी लागत असेल तर तिथेच सांगा, "सवय होईल" म्हणून सोडू नका. खऱ्या दाताच्या मुळाभोवती मऊ गादीसारखे तंतू असतात, इम्प्लांटला ते नाहीत, त्यामुळे जास्तीचा दाब सरळ हाडावर जातो. म्हणूनच चावताना थोडं वेगळं, लाकडी वाटतं. मला महिनाभर वाटलं.

९. नंतरची निगा

इम्प्लांटला कीड लागत नाही पण हिरडी सुजते, आणि इथे दुखत नसल्यामुळे उशिरा कळतं. कॅप रुंद आणि खालची मान बारीक असते, त्यामुळे पोह्याचा कण, मेथीचं पान हमखास अडकतं. टूथपिक नको, दातांच्या फटीतला छोटा ब्रश रोज रात्री फिरवा. ब्रश करताना रक्त आलं तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. वर्षातून एकदा एक्स-रे. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं आवरण, करून घ्या.

कॅप हलायला लागली तर बहुतेक वेळा हाडातला स्क्रू नाही तर वरचा छोटा स्क्रू ढिला झालेला असतो. अशा वेळी त्या बाजूने चावायचं नाही आणि हलवत बसायचं नाही, कारण तो स्क्रू तुटला तर काम वाढतं. मला हे मागच्या फेब्रुवारीत झालं, मी तेव्हा भाचीच्या लग्नासाठी साताऱ्यात होते आणि माझे डॉक्टर नाशिकला. जवळच्या एका डॉक्टरांकडे गेले, मोबाइलमधला स्टिकरचा फोटो दाखवला, त्यांनी बघून कपाटातून त्याच कंपनीची किल्ली काढली. फिलिंग काढून, टेप ओढून, स्क्रू पुन्हा आवळून भोक बुजवायला वीस मिनिटं लागली आणि संध्याकाळी मी हळदीला वेळेवर पोचले.